पंच क्रमांक एक

स्वतःला घराबाहेर काढायला आलेल्या माणसांना खुर्च्या देऊन, चहा पाजून, वर त्यांच्याच कागदावर पंच म्हणून झोकात सही करणारा मनुष्य अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, याला मी माझं नशीब म्हणतो. मी नांदेडला वकिली करतो. माणसं भांडतात म्हणून माझी चूल पेटते. भावाभावांची भांडणं, बांधाची भांडणं, मालक-भाडेकरूंची भांडणं, सगळी मी निस्तरली आहेत. पण जो मनुष्य भांडायलाच तयार नाही, उलट समोरच्याला "दमला असाल, पाणी घ्या" म्हणतो, त्याची बाजू कशी लढवायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मामांचं लातूरचं भाड्याचं घर वाचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा बँक, कायदा आणि न्यायाधिकरण हे तीन शत्रू मला दिसत होते. चौथा दिसायला थोडा उशीर लागला, कारण तो माझ्याच बाजूला बसून मला चुरमुऱ्यांचा सुशीला आणि शेंगाची चटणी वाढत होता.

मामा मूळचे निलंग्याकडचे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि खांद्यावर उपरणं. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानावर त्यांनी जन्मभर दिवाणजी म्हणून काम केलं. दुसऱ्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणं हा त्यांचा छंद. कुणाला पानाचा असतो, कुणाला पत्त्यांचा असतो, तसा. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो, कुणाच्या पोराचा वसतिगृहाचा अर्ज असो, मामांना कुणी नुसतं "दिवाणजी, एक सही पाहिजे होती" म्हणायचा अवकाश, खिशातून पेन बाहेर. "नाही" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. एकदा स्टँपपेपर आणायला म्हणून कचेरीत गेले ते घरून पळून आलेल्या एका जोडप्याच्या नोंदणी विवाहाला साक्षीदार राहून आले. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप तणतणत दुकानावर आला. मामांनी त्याला बसवलं, थंड पाणी दिलं, त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि त्याला तक्रार द्यायची होती म्हणून त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन तिथंही साक्षीदार म्हणून सही ठोकली. मी म्हटलं, "मामा, दोन्हीकडून कशी सही करता तुम्ही?" तर म्हणाले, "जावईबापू, पोरीचं लगीन झालं हे बी खरं, अन् बापाचं काळीज तुटलं हे बी खरं. म्या खोट्यावर सही केली का?" माझी वकिलीची सनद अशा वेळी उपयोगाची नसते.

मोंढ्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर तीन खोल्या आणि पुढे गच्ची, एवढं ते घर. माझ्या बायकोच्या लहानपणापासून मामा-मामी तिथंच. मामींना गेली काही वर्षं साखरेच्या दुखण्यानं डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. पण त्या घरात ते परक्या माणसाच्या लक्षातही यायचं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गच्चीच्या दारापर्यंत त्या भिंतीला नुसता हात लावत जायच्या. मिठाचा डबा, काडेपेटी, नळाला पाणी यायच्या दिवशी भरून ठेवलेलं पिंप, सगळं त्यांना हातानं पाठ. एकदा त्या आमच्याकडे नांदेडला राहायला आल्या तेव्हा चार दिवस खुर्चीवरून उठल्या नाहीत. "हितलं मला काई बी ठावं न्हाई गं," असं माझ्या बायकोला म्हणाल्या. त्यामुळे लातूरचं घर जाणं म्हणजे पत्ता बदलणं नव्हतं. मामींचे राहिलेले डोळेही जाणार होते. माझी बायको हे मला रोज ऐकवायची, आणि शेवटी "मग तुमच्या काळ्या कोटाचा उपयोग काय?" हेही जोडायची.

आता हे घर मामांनी भाड्यानं घेतलं कसं, ते ऐका. घराचा मालक मोंढ्यातलाच एक जुना व्यापारी. त्यांना मामा मोठे मालक म्हणत. मोंढ्यात पूर्वी मालाचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचे. आजूबाजूच्या चार जणांना कळायचं नाही, पण ठरलं ते ठरलं, मग भाव वर जावो की खाली. मामांचं भाडंही मोठ्या मालकांनी असंच ठरवलं. दुकानाच्या गादीवर, उपरण्याखाली. "तुम्ही हयात हाव तवर तुम्हाला कोणी उठवणार न्हाई," असं मोठे मालक म्हणाले, आणि बोटं सोडली. झाला करार. पावती कधी नाही, कारण मामा म्हणायचे, "देवमाणसाकडून पावती मागायची म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखं हाय." मी पुरावा मागितला तेव्हा मामांनी मला उपरणं आणून दाखवलं. मी ते न्यायाधिकरणात दाखल करू शकलो नाही.

बरं, भाडेपावती नाही तर नाही. इतकी वर्षं जिथं राहिलात तिथला काही कागद असेल? मतदार कार्ड, रेशन कार्ड, आधार, गॅसचं पुस्तक? सगळं होतं. नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं होतं. आणि सगळ्यावर पत्ता गावाकडचा होता. मामा दर निवडणुकीला एसटीत बसून निलंग्याला आणि तिथून गावाला जातात, मत देतात, मारुतीच्या पारावर गप्पा मारून परत येतात. गावात त्यांचं घर नाही. ते भावाच्या वाटणीला गेलं आणि त्या जागेवर आता भावाचा ट्रॅक्टर उभा असतो. मी कपाळाला हात लावून विचारलं, "मामा, राहता लातूरला, मग नाव गावाकडं कशाला ठेवलंत?" ते दुखावले. "जावईबापू, गावातलं नाव माणूस मेल्यावर काढतेत. जित्या माणसाचं कामून काढायचं?" म्हणजे जिथं घर नाही तिथं कागदोपत्री मामा नांदत होते, आणि जिथं नांदत होते तिथं कागदोपत्री त्यांचा वाराही लागलेला नव्हता.

मोठे मालक वारले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं धंद्यासाठी हे घर बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढलं, आणि कर्ज काढताना घर रिकामं आहे असं लिहून दिलं. पुढं हप्ते थकले, मुलाचा फोन लागेनासा झाला आणि बँकेचा एक माणूस दारावर नोटीस डकवायला आला. त्याच्याकडचा डिंक वाळून गेला होता. मामींनी त्याला गव्हाच्या पिठाची खळ करून दिली आणि मामांनी स्वतःच्या हातानं दोन्ही कोपरे दाबून धरले. "वाऱ्यानं उडाली असती," असं मला नंतर सांगण्यात आलं. मी म्हटलं, उडू द्यायची होती! "सरकारी कागद उडू कसा द्यायचा?" मी म्हटलं, बँक म्हणजे सरकार नव्हे. तर मामा माझ्याकडे असे बघायला लागले की माझी सनद खरी आहे की नाही, अशी शंका त्यांना आली असावी. त्यांच्या मते हे भांडण बँकेचं आणि मालकाच्या मुलाचं होतं. भाडेकरूचा त्यात संबंध काय? मोठ्या मालकांनी तर शब्द दिलेला होता.

मग आला तो दिवस. बँकेचा अधिकारी कागदोपत्री ताबा घ्यायला आला. अशा वेळी पंचनामा करतात, आणि पंच म्हणून गल्लीतली दोन प्रतिष्ठित माणसं लागतात. एप्रिल महिना, लातूरचं ऊन, आणि मामांच्या घराचा पंचनामा आहे म्हटल्यावर गल्लीतल्या एकानंही दार उघडलं नाही. गल्लीनं मामांसाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती. अधिकारी घामाघूम होऊन जिन्यात उभा. मामांना ते बघवेना. पंच क्रमांक दोन म्हणून अधिकाऱ्यानं स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर घेतला, आणि पंच क्रमांक एक म्हणून मामा.

मला हे कळलं ते पंचनाम्याची नक्कल हातात आल्यावर. नांदेडहून सकाळची एसटी पकडून, अहमदपूरच्या स्टँडवरचा चहासुद्धा न घेता मी लातूर गाठलं.

"मामा, ही सही कुणाची?"

"माझीच की. 'म' जरा बिघडलाय. पॅड न्हवतं खाली."

"का केली?"

"जावईबापू, माणूस उन्हात उभा व्हता. गल्लीतलं एक बी माणूस खाली उतरंना. सगळे दारं लावून बसले. बाहेरचा माणूस आपल्या दारातून नाराज होऊन जावा का?"

"पण कागद वाचलात का तुम्ही सही करण्याआधी?"

"वाचला की! म्या बिनवाचता सही करीत नसतो. चतुःसीमा चुकली व्हती. पिठाची गिरणी पूर्वेला लिहिली व्हती त्यांनी. गिरणी पश्चिमेला हाय. म्या दुरुस्त करून घेतली."

चतुःसीमा चुकलेली असती तर त्या एका चुकीवर मी बँकेला वर्षभर तरी नाचवलं असतं. माझ्या पक्षातला एकमेव मुद्दा माझ्याच अशिलानं खोडून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात बँकेला दुरुस्त करून दिला होता. आणि खाली लिहिलं होतं, की मिळकतीत कोणीही भाडेकरू आढळून आला नाही.

"अन् हे काय आहे मामा? भाडेकरू नाही म्हणून लिहिलंय इथं!"

"ते सरकारी मजकूर असतोय. सगळ्याच कागदात असतोय तसा." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही खामखा बेजार होऊन राहिले. भाकर खाऊन घ्या आधी."

कर्जवसुली न्यायाधिकरणासमोर अर्ज टाकायला आम्ही संभाजीनगरला गेलो. गाडीत मी मामांना पढवत होतो, की विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तरी मी खुणावल्यावर बोलायचं. माझा मुद्दा साधा होता, की कर्जाच्या कितीतरी आधीपासून हे कुटुंब इथं भाड्यानं राहतं आणि मालकाचं कर्ज थकलं म्हणून भाडेकरूला रस्त्यावर काढता येत नाही. बँकेच्या वकिलानं उठून पंचनामा वाचला. पंच क्रमांक एक, राहणार अमुक गाव, तालुका निलंगा. मामांनी तिथंही आधारवरचा पत्ता सांगितला होता! वकील म्हणाला, हे गृहस्थ निलंगा तालुक्यात राहतात, लातूरला पाहुणे म्हणून येत असतील. न्यायाधिकरणाच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत थेट मामांनाच विचारलं, ही सही तुमची का? मी खुणावत राहिलो. मामा हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब, माझीच." मग भाडेकरू नाही या मजकुरावर सही का केली? "साहेब, त्यांनी मला इचारलं, मालक कुठं असतेत. म्या खरं सांगितलं, पुण्याला. भाडेकरू कोण हाय हे त्यांनी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मी काय लपवलं असतं का?" साहेबांना हसू आलं. ते हसले तेव्हाच मला कळलं, की आता काही खरं नाही. हसणारा न्यायाधीश माणूस म्हणून चांगला असतो, पण निकाल मात्र कागद बघूनच देतो. मालकाच्या मुलानं खोटं लिहून दिलं, त्याच्यावर फिर्याद करू, एवढी शेवटची वाट उरली होती. मामांनी ती बंद केली. "माझ्या मांडीवर खेळलेलं पोरगं हाय ते. त्याला कोर्टात उभं करू व्हय?" अर्ज फेटाळला गेला. सामान हलवायला मुदत मिळाली तेवढीच माझी कमाई.

मुदत संपायच्या आत बँकेनं लिलाव जाहीर केला आणि घर बघायला लोक येणार असं कळवलं. मी मामांना फोनवर बजावलं, की दार उघडू नका, आणि उघडलंच तर तोंड उघडू नका. मामांनी दोन्ही उघडलं. औशाहून एक खत-बियाण्यांचा दुकानदार बायकोला घेऊन आला होता. मामांनी त्याला अख्खं घर फिरवून दाखवलं. "बोअरला उन्हाळ्यात बी पाणी असतंय बरं का. लातुरात असं घर दिवा घेऊन हुडकलं तरी घावणार न्हाई. ही खिडकी दुपारची लावून घ्यायची, मंग खोली थंड राहती. गच्चीचं दार फुगतंय पावसाळ्यात, खालून लाथ मारायची, उघडतंय." दुकानदार आधी नुसता चौकशीला आला होता. मामांनी त्याचं मन पक्कं करून दिलं. मामी आत बसून सगळं ऐकत होत्या. पाहुणे गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही इतकं चांगलं सांगितलं, की मलाच घ्यावंसं वाटून राहिलं." मामा त्यावर हसले नाहीत, असं मामींनीच मला नंतर सांगितलं.

प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी मी तिथं होतो. तहसीलचे लोक आले, एक पोलीसबाई आल्या. सामान टेम्पोत चढलं होतं. नवा पंचनामा लिहिणाऱ्या कारकुनानं विचारलं, "काका, तुमचं काय लिहू? नातेवाईक?" मी पुढं होऊन म्हटलं, "भाडेकरू लिहा." त्यानं लिहिलं. लातूरला मामा राहत होते असं एका सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं, ते त्यांना तिथून काढताना. मामा ते अक्षर वाकून बराच वेळ बघत राहिले. सहीसाठी पेन पुढं केलं तर त्यांनी ते घेतलं नाही, मलाच म्हणाले, "तुम्ही करा वकील म्हणून." जिना उतरताना मामींनी कठड्यावरचा हात काढला नाही. शेवटच्या पायरीला त्या विचारत होत्या, "आता किती राहिल्या?" आणि मामा म्हणत होते, "झाल्या, झाल्या." माझ्या बायकोनं टेम्पोच्या मागं उभं राहून डोळे पुसले. मीही नाक शिंकरलं, लातूरची धूळ फार.

त्यांना कुठं ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. नांदेडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या झाडून घेतल्या. पहिले काही दिवस मामी पलंगावरून हलल्या नाहीत. मग एके सकाळी मामा त्यांचा हात धरून त्यांना भिंतीभिंतीनं फिरवताना दिसले. "ही खिडकी. ही मोरी. इथं पायरी हाय बघ, एकच." असं रोज सकाळ-संध्याकाळ. कोर्टात निघताना मला वरून ते ऐकू यायचं.

मग एका रविवारी मामा खाली आले. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मामा उठले, पुन्हा बसले. मी म्हटलं, काही पाहिजे का? औषध? ते म्हणाले, "जावईबापू, एक कागद करून द्या मला."

"कसला कागद?"

"भाडेकराराचा. वरच्या दोन खोल्यांचा. नोंदणी करून."

मी हसलो. म्हटलं, "मामा, तुमच्याकडून मी भाडं घेणार आहे का? आणि मी काय तुम्हाला बाहेर काढणार आहे?"

"मोठे मालक बी असंच म्हनले व्हते," मामा म्हणाले. रागानं नाही, कुणाला वाट सांगावी तसं शांतपणे. "माझं काई न्हाई. मी कुठं बी पडून राहीन. पण तिनं आता ह्या घराची भिंत पाठ करायला घेतली. कालपासून मोरीपतूर एकटी जाती. ह्या वयात तिला आणखी एक घर पाठ व्हायचं न्हाई. उद्या तुमचं काई झालं, पोरांनी काई केलं, मग मी कोणाला इचारायचं? तेवढं लिहून द्या."

मी त्याच दिवशी मसुदा केला. मामांनी तो गुडघ्यावर ठेवून सगळा वाचला, आणि एका कलमापाशी बोट ठेवून मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी पुन्हा वाचला. महिनोन्महिने मी या माणसावर ओरडत होतो, की मामा, माणसांवर विसंबू नका, कागद मागा. शेवटी त्यांनी मागितला, आणि तो माझ्याकडे मागितला. त्यांनी एवढं शहाणं व्हावं असं मलाच वाटत होतं, हे खरं. पण सही करताना मला फार वाईट वाटलं, आणि ते मी बायकोलाही सांगितलं नाही. वर मामींच्या बांगड्या भिंतीला घासत मोरीकडे चालल्या होत्या, आणि मामा वाचायचं थांबून तो आवाज नीट पोचतो की नाही ते ऐकत होते.